जुना लोखंडी नांगर पुन्हा चालता करायचाय? पुण्यात राहून सुटे भाग कसे शोधायचे

गोठ्यामागं बाभळीला टेकवून ठेवलेला लोखंडी नांगर आपल्याकडं बऱ्याच घरांत आहे. वाटण्या झाल्या, बैल गेले, ट्रॅक्टर आला, नांगर तिथंच राहिला. आमचाही राहिला होता. मी शिरूर तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. काही वर्षांपूर्वी आजोबांचा नांगर दुरुस्तीला काढला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हौसेपायी फोडून बसलो. ते कसं, ते पुढं येईलच. त्यानंतर आमचा एक, मामांचा एक आणि मित्राच्या मुळशीतल्या जमिनीवरचा एक, असे तीन नांगर चालते केले. ज्यांनी कधी हातात पाना धरलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक सांगतो, म्हणजे तुमचे दोन रविवार वाचतील. दुकानात जाऊन "किर्लोस्करचा फाळ आहे का?" असं विचारू नका. दुकानदार मान हलवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. जुन्या नांगराचा भाग नावानं मिळत नाही, मापानं मिळतो. पुठ्ठ्यावर काढलेला आकार, भोकांमधलं अंतर आणि बोल्टाची जाडी एवढं घेऊन गेलात, तर तोच दुकानदार स्टूल टाकून माळ्यावर चढतो.

दाखवायचा की चालवायचा

हे आधी ठरवा, कारण दोन्ही कामं वेगळी आहेत. अंगणात ठेवायचा असेल तर गंज काढा, तेल लावा, झालं. नवे भाग शोधायची गरजच नाही. झिजलेला फाळ झिजलेलाच शोभतो. हायवेवरच्या हॉटेलांत आणि कृषी पर्यटन केंद्रांत नांगराला लाल-पिवळा ऑइलपेंट फासून उभा केलेला असतो, तसं मात्र कृपा करून करू नका.

चालवायचा असेल तर पुढचं सगळं वाचा. बैलजोडी भाड्यानं मिळते का, हेही आत्ताच बघून ठेवा. आमच्या भागात नांगर दुरुस्त व्हायला तीन महिने लागले आणि नांगरटीला बैल मिळायला चार.

भागांची ओळख

लाकडी नांगर असेल तर काम सोपं. खोड, बैलांकडं जाणारा लांब दांडा म्हणजे हाळीस, हातात धरायचं रुमणं, आणि पुढं लोखंडी फाळ, तो धरून ठेवणारी कडी म्हणजे वसू. यातलं लाकूड सुतार करतो, लोखंड लोहार करतो. दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

लोखंडी नांगरात गोष्टी वाढतात. जमीन कापतो तो फाळ. कापलेली माती उलटवतं ते वळणदार पान, त्याला आमच्याकडं पंख म्हणतात, दुकानात मोल्डबोर्ड म्हटलं की कळतं. न नांगरलेल्या बाजूला घासत जाणारी लांब पट्टी म्हणजे लँडसाइड. आणि हे तिन्ही ज्याच्यावर बोल्टानं बसतात ते मधलं ओबडधोबड धूड, फ्रॉग. वर दांडा आणि मुठी, पुढं साखळी अडकवायची भोकांची पट्टी.

फाळ आणि लँडसाइड हे झिजण्यासाठीच केलेले असतात. ते बदलायचे. फ्रॉग मात्र जपायचा. तो गेला तर नांगर गेला.

नांगर उजवा की डावा, हेही पाहून घ्या. मुठीमागं उभं राहा. पंख माती उजवीकडं टाकत असेल तर उजवा. उजव्याचा फाळ डाव्याला बसत नाही. पल्टी नांगर, म्हणजे माती डावी-उजवी दोन्हीकडं टाकता येणारा, असेल तर त्याचा फाळ आणखी वेगळा.

दांड्यावर किंवा फ्रॉगवर बहुतेक वेळा ओतीव अक्षरं किंवा आकडा असतो. तारेच्या ब्रशनं हलकं घासा, वर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, छाप उठेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून हे नांगर गावोगाव गेले, त्यामुळं पश्चिम महाराष्ट्रात ते नाव जास्त दिसतं. सुरुवातीला लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक ते घेतच नव्हते. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, ही गोष्ट तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवेलच. गोष्ट ऐका, पण आपल्या नांगरात पन्हाळ्याची तोफ आहे असं चार लोकांत सांगू नका. आणि छाप फ्रॉगवर असली तरी फाळ त्याच कारखान्याचा असेल असं नाही. आजोबांनी दहा वेळा बदललेला असतो.

माप घ्या, आणि सूत शिका

जुने नांगर इंचातले आहेत. पुण्याच्या हार्डवेअर दुकानात आणि लोहाराकडं इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत. "चार सुती बोल्ट, दोन इंच लांब" असं म्हणालात की काउंटरवरचा माणूस तुम्हाला घरचा समजतो.

इथं नवखा माणूस हमखास फसतो. चार सुती म्हणजे १२.७ मिलिमीटर. बाजारात सर्रास मिळतो तो एम-१२, म्हणजे १२ मिलिमीटर. भोकात तो सहज जातो, जुनी चाकी (नट) त्यावर एखाददुसरा आटा चढते आणि मग अडकते किंवा डुगडुगते. जुन्या चार सुती विटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या, बोल्टाला इंचाला १२ आटे असतात. अमेरिकी पद्धतीच्या तेवढ्याच जाडीच्या बोल्टाला १३. डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून एक धड जुना बोल्ट नमुना म्हणून खिशात ठेवा आणि नवीन चाकी दुकानातच त्यावर पूर्ण फिरवून बघा.

फाळाच्या बोल्टाचं डोकं साधं चालत नाही. वरून सपाट, फाळाच्या पृष्ठभागात बुडणारं, आणि खाली चौकोनी मान हवी, म्हणजे चाकी आवळताना बोल्ट फिरत नाही. डोकं वर राहिलं तर तिथं माती साचते आणि नांगर जड ओढतो. दुकानात "काउंटर डोकं, चौकोनी मान" असं सांगा. नाहीच मिळाला तर लेथवाल्याकडून करून घ्या. चार बोल्टांचं काम असतं.

मग पुठ्ठा. फाळ पुठ्ठ्यावर पालथा ठेवा, कडेनं पेन्सिल फिरवा, भोकं आतून गिरवा. झिजलेलं टोक जिथं संपतं तिथून पुढं, मूळ फाळ किती लांब असेल तो अंदाज तुटक रेषेनं काढा. अंदाज कसा? लँडसाइडची खालची कड आणि फाळाची धार या दोन रेषा पुढं वाढवा, त्या जिथं भेटतील तिथं साधारण मूळ टोक.

खोलताना घाई नको

तीस-चाळीस वर्षं गंजलेली चाकी पान्यानं सुटत नाही, मोडते. आठवडाभर रोज संध्याकाळी रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून टाका, हातोडीनं टिचक्या मारा. टिचक्या, घाव नव्हे. तरी सुटली नाही तर गॅसची ज्योत फक्त चाकीवर धरा. चाकी फुगते, गंजाची पकड सुटते. ज्योत फ्रॉगवर जाऊ देऊ नका, एका जागी तापलेला ओतीव भाग तडकतो. बोल्ट जागेवरच फिरायला लागला तर हट्ट सोडा आणि चाकीच्या एका बाजूला ग्राइंडरनं खाच पाडून छिन्नीनं चिरा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

जुना रंग जाळून काढू नका, खरवडून कोरडी धूळही उडवू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. ओला करून घासा.

छोट्या भागांचा गंज काढायला प्लास्टिकच्या बादलीत पाणी, चार लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा आणि बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर पुरतो. चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार भंगार लोखंडाच्या तुकड्याला. दोघांची गाठ पडू देऊ नका. तो तुकडा स्टेनलेस स्टीलचा नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बादली उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो. बायको विचारेल बाल्कनीत काय चाललंय. खरं सांगा.

ओतीव की घडीव: माझी चूक इथली

आमच्या नांगराच्या फ्रॉगला बारीक चीर होती. गावाजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात नेला. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नेहमीचा रॉड लावून पाच मिनिटांत जाड टाका मारून दिला. वर पाणी ओतून गारही केला. रात्री अंगणात ठेवला. पहाटे टण्ण असा आवाज आला. टाका शाबूत होता, त्याच्या शेजारून फ्रॉग आरपार दुभंगला होता.

ओतीव लोखंड असं वागतं. त्यात कार्बन जास्त, ताण सोसायची सवय नाही. टाका गार होताना आकसतो आणि शेजारचा भाग ओढून फाडतो. म्हणून वेल्डिंगआधी धातू ओळखायचाच.

ओळखायच्या दोन सोप्या रीती. कानस फिरवा. पोलादाचा किस निघतो, ओतीव लोखंडाची काळपट भुकटी पडते, बोटं शिसपेन्सिलीसारखी काळी होतात. दुसरी, ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. ओतीवाच्या ठिणग्या आखूड, लालसर. साध्या लोखंडाच्या लांब, पिवळ्या. ठिणगी पुढं जाऊन फुलबाजीसारखी फुटत असेल तर ते जास्त कार्बनचं पोलाद, म्हणजे बहुधा फाळ.

ओतीव भाग जोडायचाच असेल तर निकेलचा रॉड मागा. आधी सगळा भाग तापवायचा, इंचभराचा टाका मारायचा, गरम असतानाच त्यावर हातोडीनं हलके टोले द्यायचे, थांबायचं, मग दुसऱ्या बाजूला पुढचा इंच. शेवटी तो राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत गार होऊ द्यायचा. पितळेचं ब्रेझिंग, म्हणजे लोखंड न वितळवता वितळलेल्या पितळेनं सांधणं, हा आणखी सोसणारा मार्ग, जुने कारागीर तोच सुचवतात. ज्या वेल्डरला "हे ओतीव आहे" म्हटल्यावर "मग काय झालं" असं वाटतं, त्याच्याकडून नांगर परत उचला.

पुण्यात कुठं फिरायचं

मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पूर्ण नांगर तिथं क्वचित दिसतो आणि दिसला तर पुरातन वस्तूच्या किमतीला. पण जुने इंची पाने, आटे पाडायच्या डाय, साखळ्या, आकडे, कड्या ढिगात असतात. सकाळी लवकर जा, घासाघीस करा. मला विटवर्थ मापाचे पाने तिथंच मिळाले.

बोल्ट आणि हत्यारांसाठी रविवार पेठेत बोहरी आळी. पट्टी, चॅनेल, जाड पत्रा यांसाठी भवानी पेठ. हाळीस किंवा मुठीला लाकूड हवं असेल तर टिंबर मार्केटही तिथलंच, पण नांगराला सागाची गरज नाही. बाभूळ घ्या, वाळलेली, सरळ रेषेची, गाठ नसलेली. खरं तर बाभूळ गावातच चांगली मिळते. ओली घेतलीत तर पावसाळ्यानंतर खुट्ट्या हलायला लागतील.

पण जुने भाग शहराबाहेर जास्त. चाकणचा शनिवारचा आणि जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार, या दोन ठिकाणी एकदा चक्कर माराच. बाजारात नांगराचे भाग मांडून ठेवलेले असतील असं नाही. तिथं माणसं भेटतात. पुठ्ठा दाखवून "मामा, असा फाळ कुणाकडं पडलाय का?" असं चार म्हाताऱ्यांना विचारलं, की पाचवा म्हणतो, "आमच्या चुलत्याच्या गोठ्यात बघ." फोन नंबर घ्या, चहा पाजा. मामांच्या नांगराचं लँडसाइड मला असंच मिळालं.

तालुक्याच्या गावातली भंगाराची दुकानंही पालथी घाला. तिथं एकच नियम, वस्तूचं कौतुक करायचं नाही. "अरे वा, हा तर जुना किर्लोस्कर!" असं तोंडातून निघालं की किलोचा भाव संपला आणि शोभेच्या वस्तूचा सुरू झाला. मोडका नांगर किलोवर अख्खा मिळत असेल तर घेऊन टाका. त्याचा फ्रॉग कधीतरी लागतो.

ट्रॅक्टरच्या पल्टी नांगराचे भाग हवे असतील तर ही वणवण नाही. मंचर, शिरूर, बारामती इथल्या ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानांत फाळ, टोकं, बोल्ट तयार मिळतात, आणि डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथं बनवणाऱ्यांशी थेट बोलता येतं. जाड फाळाची पट्टी कापून, भोकं पाडून ती बैलाच्या नांगराला बसवता येते का हे तिथं विचारा. मित्राच्या नांगराला आम्ही तेच केलं.

फाळ: शेवटून घ्या किंवा ओतून

फाळ पोलादी असेल आणि नुसतं टोक झिजलं असेल तर नवा शोधू नका, शेवटून घ्या, म्हणजे झिजलेल्या टोकाला नवं लोखंड जोडून घ्या. गावचा लोहार किंवा रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. टोकाला जुन्या ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा जोडतात. तो स्प्रिंगचा पोलाद, झिजेला चांगला टिकतो. पाणी देताना, म्हणजे तापवून विझवून टणक करताना, मात्र समोर उभे राहा. फक्त टोक आणि धारेची दोन बोटं रुंदी लाल करून विझवायची, तेलात. मग ते पुसून पुन्हा मंद तापवायचं, धारेवर गवताच्या वाळलेल्या काडीसारखा पिवळा रंग चढून तो तपकिरीकडं झुकला की थांबायचं. अख्खा फाळ लाल करून थंड पाण्यात बुडवला तर पहिल्याच दगडाला टोक काचेसारखं उडतं. आमच्या भागातल्या दगडांची काय कमतरता?

सुगीनंतर दिवाळी ते संक्रांत या काळात लोहाराला उसंत असते. एप्रिल-मे महिन्यात गेलात तर पेरणीच्या अवजारांची रांग असते आणि तुमचा फाळ कोपऱ्यात पडून राहतो.

फाळ ओतीव असेल तर तो शेवटता येत नाही, नवाच ओतावा लागतो. भोसरीत छोट्या फाउंड्री आहेत, मोठा पसारा कोल्हापूरच्या शिरोलीला. एका नगासाठी कुणी साचा करत नाही, म्हणून ओळखीतल्या तीन-चार जणांचे मिळून द्या. जुना फाळच साचा म्हणून देणार असाल तर दोन गोष्टी. ओतीव लोखंड गार होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत. म्हणजे जशाच्या तशा फाळावरून ओतलेला नवा फाळ फूटभर लांबीला एक सूत कमी भरतो आणि भोकं जुळत नाहीत. म्हणून जुन्या फाळाला झिजलेल्या जागी गाडीची पुट्टी भरून मूळ आकार द्या, कडेला थोडं वाढवून घ्या, भोकं बुजवा आणि नव्या फाळाला भोकं नंतर ड्रिलनं पाडा. दुसरं, धार "चिल" करून हवी असं फाउंड्रीवाल्याला सांगा. साच्यात धारेच्या जागी लोखंडी तुकडा बसवतात, तिथलं लोखंड पटकन गार होऊन कठीण होतं.

जोडणी

सपाट फरशीवर नांगर चालतो तसा उभा करा. फाळाचं टोक आणि लँडसाइडची मागची टाच फरशीला टेकली पाहिजेत, मधे पोकळी राहिली पाहिजे. बैलाच्या नांगराला ही पोकळी ३ ते ५ मिलिमीटर. आगपेटीच्या दोन काड्या एकावर एक ठेवून आत सरकवा. सहज गेल्या, पण तिसरी अडली, तर बरोबर. तसंच लँडसाइडला उभी पट्टी लावून बघा, फाळाचं टोक न नांगरलेल्या बाजूला साधारण ५ मिलिमीटर झुकलेलं हवं.

ही पोकळी गेली की नांगर जमिनीत शिरत नाही. मग माणूस मुठी दाबतो, वर दगड ठेवतो, बैलांना शिव्या देतो. दोष काडीएवढ्या जागेत असतो.

फाळ आणि पंखाच्या सांध्यात बोटाच्या नखाला अडेल एवढीही पायरी नको. असेल तर कानसेनं उतरवा. पंखाच्या आतल्या बाजूला रंग लावू नका. ती बाजू मातीनंच घासून आरशासारखी होते, आणि काळ्या रानात तशी झाली नाही तर माती चिकटून बसते.

रानात पहिला दिवस

वापसा असलेलं, म्हणजे ओल बेताची असलेलं रान निवडा, दगड कमी असलेला तुकडा. साखळीचा आकडा आधी मधल्या भोकात. नांगर उथळ चालला तर वरच्या भोकात घाला, खोल जाईल. फार खोल गेला, बैल रेटायला लागले, तर खालच्या भोकात. साखळी आखूड केली तरी नांगर उचलतो. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. आमच्या आधीच्या पिढीत सहा बैली, आठ बैली नांगर चालायचे. एका जोडीवर तसला जड नांगर जुंपू नका.

पाच-सहा तास चालवून झालं की सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवे बोल्ट बसतात, ढिले होतात. आम्ही हे विसरलो आणि मुळशीच्या रानात फाळाचा एक बोल्ट ढेकळांत शोधत दुपार घालवली. सापडला नाही.

काम संपल्यावर पंख आणि फाळ कोरडा पुसून जाड ग्रीस फासा आणि नांगर फळीवर ठेवा, मातीवर नको. पुठ्ठा फेकू नका. बोल्टांची सुतातली मापं त्यावरच लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दांड्याला तारेनं बांधून टाका.